वाफ माणसाच्या श्वासापाशी मोजावी: खानदेशातील कारखान्यांसाठी हवेचे नमुने घेण्याच्या पद्धतींची तुलना

काही वर्षांपूर्वी जळगाव औद्योगिक वसाहतीतील एका पॅकेजिंग-छपाईच्या कारखान्यात मी मोजमापासाठी गेलो होतो. आधीच्या वर्षीचा अहवाल व्यवस्थापनाने समोर ठेवला. त्यात छपाई विभागाच्या मधल्या खांबावर पंप टांगून टोल्युइन या शाईतील सॉल्व्हंटच्या वाफेचे मोजमाप केलेले होते आणि आलेला आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली होता. मात्र शाईच्या ट्रेवर वाकून टोल्युइनने भिजलेल्या चिंधीने सिलिंडर पुसणारा कामगार मला म्हणाला, ‘‘भाऊ, सांजले डोकं दुखस.’’ त्या दिवशी आम्ही नमुन्याची नळी खांबाऐवजी त्याच्या कॉलरला लावली आणि आकडा खांबावरच्या आकड्याच्या कित्येक पट आला. दोन्ही उपकरणे चांगली होती, दोन्ही प्रयोगशाळांचे काम नीट होते, आणि दोन्ही आकडे खरेही होते. पहिला आकडा खांबापाशी किती वाफ आहे ते सांगत होता, तर दुसरा तो माणूस किती वाफ श्वासावाटे घेतो ते सांगत होता.

हवेचे नमुने घेण्याच्या पद्धतींची तुलना करताना बहुतेक वेळा कोणती पद्धत अधिक अचूक, एवढाच प्रश्न विचारला जातो. माझ्या अनुभवात त्याआधी तीन प्रश्न येतात: कोणाचा श्वास मोजायचा, किती वेळाची सरासरी हवी आणि हवेत नेमके काय आहे. त्यांची उत्तरे मिळाली की पद्धतीची निवड बरीचशी आपोआप होते. ती निवड कशी करावी आणि खानदेशच्या हवामानात काय सांभाळावे, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

हवेत काय आहे, हे आधी ठरवा

गोदामात जाऊन पिंपांवरची लेबले वाचावीत आणि प्रत्येक रसायनाची सुरक्षा माहिती पत्रिका मागवावी. ‘थिनर’, ‘सोल्युशन’ किंवा ‘रिड्यूसर’ ही नावे मोजमापाच्या कामाची नाहीत, कारण ही सगळी मिश्रणे असतात आणि पुरवठादार बदलला की त्यांतील घटकही बदलतात. पीव्हीसी पाइप जोडण्याच्या सॉल्व्हंट सिमेंटमध्ये सहसा टेट्राहायड्रोफ्युरान, मिथाइल इथाइल कीटोन आणि सायक्लोहेक्झॅनोन असतात. प्लास्टिक फिल्मच्या छपाईत टोल्युइन आणि इथाइल ॲसिटेट प्रामुख्याने आढळतात, तर सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनच्या तेलप्लँटमध्ये हेक्झेन असते. पत्रिकेवर विश्वास बसत नसेल, तर द्रवाचा छोटा नमुना प्रयोगशाळेत पाठवून घटक तपासून घ्यावेत. हा नमुना हवेच्या नमुन्यांबरोबर एकाच खोक्यात कधीही ठेवू नये, कारण बाटलीतून किंचित निसटलेली वाफही सगळ्या नळ्या खराब करते.

याच वेळी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. रसायन हवेत निव्वळ वाफेच्या रूपात आहे की त्याचे तुषारही उडतात? ट्रॉली किंवा शेती अवजारांना स्प्रे गनने रंग देताना वाफ आणि तुषार दोन्ही असतात. तुषारांसाठी बॅज, म्हणजे कॉलरला लावायचा बिनपंपाचा बिल्ला, निरुपयोगी आहे. रंग दोन घटकांचा असेल आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असेल, तर पंपाला जोडायच्या साध्या कोळशाच्या नळीचाही उपयोग होत नाही. त्यासाठी खास रसायन लावलेला फिल्टर किंवा द्रव माध्यम लागते. स्प्रे रंगकामात नुसता टोल्युइनचा आकडा घेऊन काम संपले असे मानणे धोक्याचे आहे, कारण तिथे दम्याचे खरे कारण आयसोसायनेट असू शकते.

मर्यादा आणि तिचा कालावधी

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कलम ४१-एफ आणि दुसरी अनुसूची आली. त्या अनुसूचीत टोल्युइनसाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे १०० भाग), म्हणजे ३७५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे, आणि पंधरा मिनिटांच्या अल्पकालीन संपर्काची मर्यादा १५० पीपीएम आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्याने आजमितीस लागू असलेला आकडा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून खात्री करून घ्यावा. कायद्याचा आकडा ही किमान अट आहे, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने, एसीजीआयएचने, टोल्युइनसाठी शिफारस केलेली पातळी २० पीपीएम आहे. मी अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहितो.

मर्यादेचा कालावधी पद्धतीची निवड ठरवतो. आठ तासांच्या सरासरीसाठी पाळीभर चालणारा नमुना हवा. पंधरा मिनिटांच्या मर्यादेसाठी सिलिंडर धुणे, पिंप ओतणे, फिल्टर उघडणे अशा नेमक्या कामाच्या वेळचा नमुना हवा. आपल्याकडे अनेक ठिकाणी पाळी बारा तासांची असते आणि तिथे आठ तासांची मर्यादा जशीच्या तशी लावणे चुकीचे आहे. संपर्काचा वेळ वाढतो आणि शरीराला वाफ बाहेर टाकायला मिळणारा वेळ घटतो. १९७५ मध्ये ब्रीफ आणि स्काला यांनी सुचवलेल्या सूत्रानुसार बारा तासांच्या पाळीसाठी (८ ÷ १२) × (१२ ÷ १६), म्हणजे ०.५ हा गुणक येतो. टोल्युइनचे १०० पीपीएम तिथे ५० होतात. ही गोष्ट मी प्रत्येक व्यवस्थापकाला पहिल्याच भेटीत सांगतो, कारण आकडे आल्यावर सांगितली तर ती पळवाट वाटते.

कोणाला नळी लावायची

एकसारखे काम करणाऱ्यांचे गट पाडावेत: मशिन ऑपरेटर, मदतनीस, शाई कालवणारे, धुलाई करणारे, देखभालवाले. देखभालवाले आणि कंत्राटी मदतनीस यादीतून हमखास सुटतात, आणि सर्वांत जास्त संपर्क बहुतेक वेळा त्यांचाच असतो. एखाद्या कामात वाफ जास्त असल्याचे उघड दिसत असेल, तर ते काम करणाऱ्याचा नमुना आधी घ्यावा. तसे दिसत नसेल, तर चिठ्ठ्या टाकून निवड करावी. वीस जणांच्या गटातून आठ जण चिठ्ठ्यांनी निवडले, तर सर्वाधिक संपर्काच्या चौघांपैकी किमान एक जण त्यात येण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. फोरमनने निवडलेल्या ‘चांगल्या’ कामगारांना नळी लावणे, हा मला दिसलेल्या चुकांतील सर्वांत सामान्य प्रकार आहे.

नमुना श्वसनक्षेत्रातूनच घ्यावा. श्वसनक्षेत्र म्हणजे चेहऱ्यासमोरचा सुमारे ३० सेंटिमीटर त्रिज्येचा अर्धगोल. व्यवहारात कॉलर किंवा खांद्याजवळची जागा पुरते. खांबावरचे नमुने निरुपयोगी नाहीत. गळती शोधणे, वायुवीजन तपासणे यांसाठी ते घ्यावेत, पण त्यांची तुलना माणसासाठी आखलेल्या मर्यादेशी करू नये.

कोळशाची नळी आणि पंप

अंगावर बाळगण्याच्या नमुना पंपाचा प्रसार १९६० मधील शेरवूड आणि ग्रीनहॅल यांच्या कामानंतर झाला. वाफांसाठी आजही सर्वाधिक वापरली जाते ती काचेची छोटी नळी. तिच्यात नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशाचे दोन थर असतात: पुढे १०० मिलिग्रॅम, मागे ५० मिलिग्रॅम. पंप ठरावीक प्रवाहाने हवा ओढतो, वाफ कोळशावर अडकते, आणि प्रयोगशाळेत कार्बन डायसल्फाइडने ती सोडवून गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या उपकरणावर, मोजतात.

या पद्धतीचे बळ म्हणजे ती स्वतःची चूक दाखवते. मागचा थर पहारेकऱ्यासारखा असतो. त्यात पुढच्या थराच्या दहा टक्क्यांहून जास्त वाफ सापडली, तर पुढचा थर भरून वाहिला असे समजावे आणि खरा आकडा आलेल्या आकड्यापेक्षा जास्त आहे हे गृहीत धरावे. नायॉश या अमेरिकी संस्थेच्या १५०१ क्रमांकाच्या पद्धतीत टोल्युइनसाठी एका नळीतून जास्तीत जास्त ८ लिटर हवा ओढण्याची मर्यादा आहे, तर १५०० क्रमांकाच्या पद्धतीत हेक्झेनसाठी ती ४ लिटर आहे. म्हणून प्रवाह फार ठेवू नये. टोल्युइनसाठी मिनिटाला २० मिलिलिटर प्रवाहाने चार तासांत ४.८ लिटर हवा जाते आणि पाळीला दोन नळ्या पुरतात. पंधरा मिनिटांच्या नमुन्यासाठी मात्र मिनिटाला २०० मिलिलिटर ठेवावे, म्हणजे ३ लिटर मिळतात आणि प्रयोगशाळेला मोजण्याइतकी वाफ जमा होते.

दमट हवेत कोळशाची धारणशक्ती घटते, कारण वाफेच्या जागा पाणी अडवते. हे पावसाळ्यात घडते आणि खानदेशात उन्हाळ्यातही घडते, कारण एप्रिल-मे महिन्यांत अनेक शेडमध्ये मोठे डक्ट कूलर चालतात आणि ओल्या हवेचा झोत थेट कामगारावर येतो. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असली, तरी कूलरसमोर उभ्या माणसाच्या नळीला ती कोरडी मिळत नाही. अशा जागी कमाल आकारमानाच्या निम्म्यावर थांबून नळी बदलणे मी पसंत करतो.

सगळ्या रसायनांना कोळसा चालत नाही. मिथेनॉलला सिलिका जेलची नळी लागते. मिथाइल इथाइल कीटोन कोळशावर टिकत नाही, साठवणीत त्याचा काही भाग विघटित होतो आणि निकाल खोटा कमी येतो. त्यासाठी नायॉश २५०० मध्ये कार्बनच्या वेगळ्या आण्विक चाळणीची नळी सांगितली आहे. पीव्हीसी सॉल्व्हंट सिमेंट भरण्याच्या विभागात म्हणूनच एकाच्या शेजारी एक अशा दोन प्रकारच्या नळ्या लावाव्या लागतात. नळ्या घेण्यापूर्वी प्रयोगशाळेला विचारावे: या रसायनासाठी कोणती नळी, कोणती पद्धत, किमान किती मोजता येते, आणि तुमच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या यादीत कामाच्या जागेवरील हवा व हे रसायन येते का. बाहेरच्या पर्यावरणीय हवेची मान्यता असलेली प्रयोगशाळा कारखान्याच्या नमुन्यांसाठी मान्य असेलच, असे नाही.

बॅज

बॅजमध्ये पंप नसतो. वाफ स्थिर हवेच्या थरातून विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, आतल्या कोळशापर्यंत पोहोचते आणि तिचा वेग फिकच्या नियमानुसार ठरलेला असतो. १९७३ मध्ये पाम्स आणि गनिसन यांनी या तत्त्वावर नमुना घेण्याचे काम प्रसिद्ध केले. प्रत्येक बॅजसाठी, प्रत्येक रसायनाला ग्रहणदर, म्हणजे बॅज मिनिटाला किती हवेतली वाफ धरतो तो आकडा, दिलेला असतो. टोल्युइनसाठी प्रचलित बॅजचा दर मिनिटाला सुमारे ३१ मिलिलिटर असतो. बॅज हलका असतो, कामगाराला अडचण होत नाही, तपासायला पंप नसतो, बॅटरी संपत नाही, आणि हेक्झेनच्या प्लँटमध्ये ठिणगीची भीती नसते.

उष्णतेचा बॅजवर लोकांना वाटतो तितका परिणाम होत नाही. तापमान वाढले की विसरण वाढते, पण हवा विरळही होते आणि दोन्ही परिणाम बरेचसे एकमेकांना भरून काढतात. वीस अंशांच्या फरकाने सुमारे तीन-चार टक्के फरक पडतो. बॅजचे खरे शत्रू वेगळे आहेत. बंद, स्थिर हवेत बॅजसमोरची वाफ संपते आणि आकडा कमी येतो, म्हणून टाकीच्या आत किंवा कोंदट कोठडीत बसून केलेल्या कामासाठी तो वापरू नये. दुसरा शत्रू कापड आहे. उन्हाळ्यात आपल्याकडचे कामगार गळ्याला आणि तोंडाला गमछा गुंडाळतात, महिला कामगारांची ओढणी खांद्यावरून पुढे येते आणि बॅज झाकला जातो. म्हणून दर तासाला एकदा फिरून पाहणे गरजेचे आहे.

एक चूक माझी स्वतःची आहे. एका मे महिन्यात धुळ्याहून परतताना मी बंद केलेले बॅज गाडीच्या समोरच्या खणात ठेवले आणि दुपारी गाडी दीड तास उन्हात उभी राहिली. प्रयोगशाळेचा निकाल आला तेव्हा न वापरलेल्या बॅजवरही पेट्रोलचे घटक सापडले. ते सगळे नमुने टाकून द्यावे लागले आणि कामगारांना पुन्हा पाळीभर बॅज लावावे लागले. त्या दिवसापासून नमुने थर्मोकोलच्या पेटीत, बर्फाच्या पाकिटांसोबत जातात. क्षेत्रात उघडून लगेच बंद केलेले कोरे बॅज मी प्रत्येक दहा नमुन्यांमागे एक आणि किमान दोन ठेवतो. तो कोरा बॅज नसता, तर पेट्रोल कामगाराच्या नावावर लागले असते.

डिटेक्टर ट्यूब

पंपाच्या एका झटक्यात १०० मिलिलिटर हवा ट्यूबमधून ओढायची आणि रंग किती अंतरापर्यंत बदलतो ते वाचायचे, अशी ही साधी पद्धत आहे. तिची अचूकता साधारण २५ टक्क्यांच्या आत असते, म्हणजे प्राथमिक चाचपणीसाठी ती पुरेशी आहे. मात्र आकडा दोन-चार मिनिटांचाच असतो, आणि टोल्युइनच्या ट्यूबला झायलीनही रंग देते. ट्यूब साधारण ० ते ४० अंश तापमानासाठी असतात, हे तिच्या पत्रकात छापलेले असते. जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोन वाजता ही अट पाळली जात नाही, तेव्हा मोजमाप सकाळी लवकर करावे किंवा दुरुस्तीचा गुणक दिलेली ट्यूब घ्यावी. मुदत संपलेल्या ट्यूब काटकसर म्हणून वापरू नयेत.

पीआयडी, म्हणजे तत्काळ वाचन

पीआयडीच्या, म्हणजे फोटोआयनायझेशन डिटेक्टरच्या, दिव्याचा प्रकाश वाफेच्या रेणूंना आयनीकृत करतो आणि आकडा काही सेकंदांत दिसतो. हे उपकरण चढ-उतार दाखवण्यात अजोड आहे. वाफ कुठून येते, कोणत्या क्षणी उसळते, झाकण लावल्यावर किती घटते, हे कामगाराच्या डोळ्यांसमोर दिसते आणि त्याचा परिणाम दहा भाषणांपेक्षा जास्त होतो. बदल सुचवताना मी पीआयडी हमखास नेतो.

पण पीआयडी कोणते रसायन आहे ते सांगत नाही. सगळ्यांचा एकत्र आकडा देतो. त्याचे माप आयसोब्युटिलीन या वायूवर बसवलेले (अंशांकित) असते आणि प्रत्येक रसायनासाठी गुणक लावावा लागतो. १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दिव्यासाठी टोल्युइनचा गुणक सुमारे ०.५ आहे, तर हेक्झेनचा ४.३. म्हणजे पडद्यावर १०० दिसले, तर टोल्युइन ५० पीपीएम असेल, पण तीच हवा हेक्झेनची असेल तर ४३० पीपीएम. मिथेनॉल आणि डायक्लोरोमिथेन या दिव्याला दिसतच नाहीत, कारण त्यांची आयनीकरण ऊर्जा १०.६ पेक्षा जास्त आहे. पडद्यावरचा शून्य म्हणजे हवा स्वच्छ आहे, असा निष्कर्ष अशा जागी जीवघेणा ठरू शकतो. हेक्झेनच्या प्लँटमध्ये नेण्याचे कोणतेही विद्युत उपकरण, पंप असो वा पीआयडी, स्फोटक वातावरणासाठी मान्यताप्राप्त असले पाहिजे. हेक्झेन हवेत केवळ १.१ टक्के झाले तरी पेट घेऊ शकते.

कॅनिस्टर, पिशवी आणि बबलर

आतून निर्वात केलेला कॅनिस्टर झडप उघडली की हवा शोषून घेतो. हवेत काय आहे हेच माहीत नसेल, किंवा अचानक सुटलेल्या वासाची तक्रार असेल, तेव्हा तो उपयोगी पडतो, कारण पूर्ण हवाच प्रयोगशाळेत पोहोचते. खर्च आणि उपलब्धता पाहता रोजच्या मोजमापासाठी तो परवडत नाही. नमुना पिशवी स्वस्त असते, पण तिच्यातील वाफ दिवस-दोन दिवसांत बदलते, आणि आपल्याकडून मुंबई-पुण्याला कुरिअरने जाण्यातच तेवढा वेळ जातो. द्रवाने भरलेला काचेचा बबलर चालत्या माणसावर लावणे त्रासाचे असते. दुसरा पर्याय नसेल तेव्हाच तो वापरावा.

पंप की बॅज?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. चांगल्या परिस्थितीत दोन्ही पद्धती नायॉशच्या निकषात, म्हणजे शंभरातील पंच्याण्णव वेळा खऱ्या आकड्याच्या २५ टक्क्यांच्या आत, बसू शकतात. एकाच कामगाराचा संपर्क मात्र दिवसागणिक त्याहून कितीतरी जास्त बदलतो: एखाद्या दिवशी रंग चार वेळा बदलतो, एखाद्या दिवशी एकदाही नाही. म्हणून एका दिवसाच्या अतिशय काटेकोर पंप-नमुन्यापेक्षा वेगवेगळ्या पाच दिवसांचे बॅज मला अधिक खरे चित्र देतात. छपाईसारख्या खुल्या, हवेशीर विभागात, ओळखीचे एक-दोन सॉल्व्हंट असतील, तर बॅज घ्यावेत आणि त्यांपैकी एका दिवशी काही जणांना सोबत पंपही लावून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. मिश्रण गुंतागुंतीचे असेल, तुषार असतील, पंधरा मिनिटांची मर्यादा ओलांडली जाते अशी शंका असेल किंवा जागा कोंदट असेल, तर पंपच लावावा. हेक्झेनच्या प्लँटमध्ये पाळीभरासाठी बॅज आणि गळती शोधण्यासाठी मान्यताप्राप्त पीआयडी ही जोडी चांगली चालते.

मोजमापाचा दिवस

कामगाराला आदल्या दिवशीच सांगावे की हे त्याच्या कामाची तपासणी करण्यासाठी नाही, आणि पंपात आवाज मुद्रित होत नाही. ही शंका खरोखर विचारली जाते आणि तिचे उत्तर न दिल्यास पंप कपाटात ठेवलेला सापडतो. सकाळी प्रत्येक पंपाचा प्रवाह, नळी जोडलेल्या अवस्थेत, अंशांकन उपकरणावर तपासावा. संध्याकाळी पुन्हा तपासावा; दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक असल्यास नमुना रद्द करावा. नळीची दोन्ही टोके पुरेशी मोडावीत, छिद्र नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून लहान नसावे. कोळशाचा मोठा थर हवेकडे ठेवावा आणि नळी उभी लावावी. आडवी ठेवल्यास कोळसा एका बाजूला सरकतो आणि हवा वरच्या फटीतून निसटते.

दिवसभर हातात वही असावी. कोणता रंग, किती वेळा धुलाई, पंखे आणि कूलर चालू की बंद, शटर उघडे की बंद, वीज गेली का, जेवणाच्या सुटीत नळी कुठे होती, हे लिहिलेले नसेल, तर महिनाभराने आलेल्या आकड्याचा अर्थ लागत नाही. शेवटी नळीला प्लास्टिकच्या टोप्या लावून, क्रमांक टाकून, थंड पेटीत ठेवावी.

हिशेब

समजा, शाई कालवणाऱ्याला मिनिटाला २० मिलिलिटर प्रवाहाने दोन नळ्या लावल्या. पहिली २४० मिनिटे चालली, म्हणजे ४.८ लिटर, आणि तिच्यात ०.९६ मिलिग्रॅम टोल्युइन मिळाले. ०.९६ ला ०.००४८ घनमीटरने भागल्यावर २०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर येतात. पीपीएम काढण्यासाठी त्याला २४.४५ ने गुणून रेणुभार ९२.१४ ने भागायचे. उत्तर सुमारे ५३ पीपीएम. दुसरी नळी २१० मिनिटे चालली, ४.२ लिटरमध्ये १.४७ मिलिग्रॅम मिळाले, म्हणजे ३५० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, सुमारे ९३ पीपीएम. अर्धा तास तो जेवणासाठी बाहेर होता. आठ तासांची सरासरी (५३ × २४० + ९३ × २१० + ० × ३०) ÷ ४८०, म्हणजे सुमारे ६७ पीपीएम. १०० च्या आत असला, तरी हा आकडा निम्म्याच्या वर आहे, आणि पाळी बारा तासांची असती तर मर्यादा ओलांडली गेली असती.

२४.४५ हा आकडा २५ अंश तापमानासाठी आहे. शेडमध्ये ४३ अंश असताना ओढलेली १ लिटर हवा २५ अंशांना ०.९४ लिटरच भरते. पंपाच्या नमुन्यात ही सहा टक्क्यांची दुरुस्ती न केल्यास निकाल खऱ्यापेक्षा कमी येतो, आणि तोही वर्षातील सर्वांत वाईट दिवशी. खानदेश फारसा उंचावर नसल्याने दाबाची दुरुस्ती लहान असते.

मिश्रण असेल, तर प्रत्येक घटकाचा आकडा त्याच्या मर्यादेने भागून बेरीज करावी. अनुसूचीत झायलीनची मर्यादा १०० आणि मिथाइल इथाइल कीटोनची २०० पीपीएम आहे. टोल्युइन ४०, झायलीन ३५ आणि कीटोन ७० पीपीएम असतील, तर ०.४ + ०.३५ + ०.३५ = १.१ होतात. प्रत्येक घटक मर्यादेत आहे, तरीही एकत्रित संपर्क मर्यादेबाहेर आहे. अहवालात ही बेरीज नसेल, तर ती मागून घ्यावी.

मोजमाप कोणत्या ऋतूत

टोल्युइनचा बाष्पदाब १५ अंशांना पाऱ्याचा सुमारे १७ मिलिमीटर असतो, तर ४३ अंशांना सुमारे ६८, म्हणजे चौपट. तेव्हा मे महिन्यात वाफ जास्त असणार, हे उघड आहे. पण मे महिन्यात शटरही उघडी असतात आणि पंखे पूर्ण वेगाने फिरतात. डिसेंबर-जानेवारीत तापी खोऱ्यातली थंडी बोचू लागली की रात्रपाळीचे लोक शटर खाली ओढतात, पंखे बंद करतात, आणि द्रव कमी उडूनही वाफ आत साचते. मी रात्रपाळीत घेतलेल्या काही थंडीतल्या नमुन्यांनी उन्हाळ्याच्या नमुन्यांना मागे टाकलेले पाहिले आहे. म्हणून पहिल्या वर्षी किमान दोन फेऱ्या ठेवाव्यात: एक मे महिन्यातील दुपारच्या पाळीत आणि एक जानेवारीतील रात्रपाळीत, त्याच गटांवर, त्याच पद्धतीने. ट्रेला झाकण, स्थानिक शोषण नलिका किंवा सॉल्व्हंट बदलणे अशी कोणतीही सुधारणा झाली, तर तिच्यानंतर त्याच कामगाराच्या कॉलरला नळी पुन्हा लावावी आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही आकडे त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावेत.